आधी आंबा घाट, मग विमान

हातखंब्याच्या तिठ्यावरून मुंबईला जाता येते, गोव्याला जाता येते, रत्नागिरी शहर तर तेरा-चौदा किलोमीटरवर. कोल्हापूरला जायचे तर गोव्याच्या दिशेने पालीपर्यंत जाऊन डावीकडे वळायचे. रस्ते इतके, पण प्रवासी विमान जवळ कुठेच नाही. रत्नागिरीचा मिरजोळ्याचा विमानतळ तटरक्षक दलाकडे. तिथून आज ना उद्या प्रवासी विमान उडणार, ही चर्चा ऐकत एक पिढी मोठी झाली. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, पण तिथली सेवा कधी चालू तर कधी बंद. मोपा जानेवारी 2023 पासून चालू आहे, तो गोव्यात. मुंबई तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. राहिले कोल्हापूर. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आणि मध्ये आंबा घाट.

म्हणून या भागातले मूल पहिल्यांदा विमानात बसते तेव्हा ते आधीच थकलेले असते. अंधेरी-पार्ल्याच्या मुलांसाठी दिलेले सल्ले विमानतळाच्या दारापासून सुरू होतात. हातखंब्याच्या मुलाचा प्रवास त्याच्या कितीतरी आधी, पहाटे चुलीवर पाणी तापते तेव्हा सुरू झालेला असतो.

हातखंब्याजवळच्या एका वाडीतल्या कुटुंबाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. वडील नोकरीनिमित्त हैदराबादला. आई, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि आजी कोल्हापूरहून विमानाने त्यांच्याकडे निघाली. घरात आठवडाभर एकच विषय. येणारा-जाणारा प्रत्येक जण मुलाला विचारत होता, "काय रे, विमानात घाबरणार नाहीस ना?" त्याला घाबरायचे असते हे तोपर्यंत माहीतच नव्हते. ते मोठ्यांनीच शिकवले.

निघायच्या दिवशी भल्या पहाटे, उपाशी कसे न्यायचे म्हणून त्याला पेलाभर दूध आणि बिस्किटे दिली. गाडीत रडू नये म्हणून हातात मोबाइल. साखरपा मागे पडला, घाट सुरू झाला आणि दूध बाहेर आले. एकदा नव्हे, घाटमाथ्यापर्यंत येतच राहिले. बदलायचे कपडे डिकीतल्या मोठ्या बॅगेत तळाशी. मलकापूरच्या पुढे तो झोपला तो थेट उजळाईवाडीला, विमानतळाच्या दारात उठवला गेला.

अर्धवट झोपेतले ते पोर सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिले आणि कोणीतरी त्याच्या हातातला कापडी हत्ती काढून सरकत्या पट्ट्यावर ठेवला. हत्ती काळ्या पडद्याआड गेला. मुलाने जो सूर लावला तो विमानात बसेपर्यंत उतरला नाही. तेवढ्यात आजीच्या पिशवीतून नारळ निघाला. लेकाच्या घरी रिकाम्या हाताने कसे जायचे? पण नारळ तिथेच ठेवावा लागला आणि आजीही गप्प झाली. विमान उडाले, मूल दमून झोपले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हैदराबाद जवळ आले तसे ते कान धरून किंचाळत उठले. त्याला दोन दिवस सर्दी होती. खाली उतरेपर्यंत कोणालाच काही सुचले नाही.

या सगळ्यात विमानाचा दोष किती? फार तर शेवटच्या अर्ध्या तासाचा. बाकीचे सगळे जमिनीवर घडले. मुलाला पहिल्या विमानप्रवासासाठी तयार करायचे म्हणजे त्याच्या मनातली उंचीची भीती घालवायची असा समज आहे. पण विमान किती उंच जाते याची साडेतीन वर्षांच्या मुलाला फारशी कल्पना नसते. त्याला त्रास होतो तो अनोळखी हातांचा, मोठ्या आवाजांचा, हातातली वस्तू अचानक जाण्याचा आणि आईबापांच्या घाईचा. तयारी करायची ती या गोष्टींची.

घाटापासूनच सुरुवात करू. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त होतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना तो क्वचितच होतो. डोळे मोबाइलच्या स्थिर चित्रावर आणि अंग वळणावर डुलते, अशा वेळी मेंदूला डोळ्यांचा निरोप एक आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा निरोप दुसराच मिळतो. त्यातून मळमळ होते. म्हणून घाटात मोबाइल नको. मुलाला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, काच थोडी खाली ठेवावी. निघताना पोट भरून दूध देऊ नये, पण उपाशीही नेऊ नये. अर्धी भाकरी, साधे घावन, मऊ भात असे कोरडे-हलके बरे. कपड्यांचा एक जोड, टॉवेल आणि दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या आईच्या हाताशी असाव्यात. उलटी थांबवणारे औषध द्यायचे तर डॉक्टरांना विचारून आणि त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच. शेजारच्या घरातून आणलेली बाटली या कामाची नाही.

वेळेचा हिशेबही घाट धरून करावा. देशांतर्गत विमानाचे सामान देण्याचे काउंटर सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी. मुंबई-गोवा महामार्गाचे आणि मिऱ्या-नागपूर रस्त्याचे काम, त्यातली वळणे, पावसाळ्यातले धुके आणि दरडी हे सगळे हातखंबेकरांना सांगायला नको. मुलाबरोबर निघताना आंब्याला किंवा मलकापुरात अर्धा तास थांबायचे असेच धरून निघावे. पाय मोकळे केलेले मूल रांगेत उभे राहते. गाडीतून थेट रांगेत आणलेले राहत नाही.

आता सुरक्षा तपासणी. इथे एक गोष्ट त्या कुटुंबातल्या आजीनेच पुढे शोधून काढली आणि ती फार नामी आहे. हैदराबादहून परत यायच्या आधी तिने घरातच विमानतळ मांडला. दोन खुर्च्यांमध्ये ओढणी टाकून दार केले. मुलाने त्यातून एकट्याने चालत यायचे. आजी हातात लाटणे घेऊन उभी. ते त्याच्या अंगावरून फिरवायचे, तोंडाने "पीं पीं" करायचे, मग "जा, झाली तपासणी". हत्ती टेबलावरून एका बाजूने ढकलायचा आणि दुसऱ्या बाजूने परत घ्यायचा. "हत्तीची पण तपासणी असते, तो आपल्याआधी जातो," एवढे वाक्य. दोन-तीन दिवस हा खेळ चालला. परतीच्या वेळी खरोखरच्या रांगेत मुलाने हत्ती स्वतः पट्ट्यावर ठेवला आणि गणवेशातल्या जवानासमोर हात पसरून उभा राहिला. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे लोक लहान मुलांच्या बाबतीत बहुधा समजुतीने घेतात. पण मुलाला ते नेमके काय करणार हे आधी ठाऊक असेल तर त्यांचेही काम सोपे होते. कडेवरच्या बाळाला घेऊनच आई दारातून जाते. ढकलगाडी मात्र घडी करून यंत्रातून जाऊ द्यावी लागते.

कोकणातल्या पिशव्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. अख्खा नारळ विमानात हातातल्या सामानातून नेता येत नाही. शबरीमलाच्या भाविकांना पूजेचा नारळ नेता यावा म्हणून सरकारला ठरावीक मुदतीची खास सवलत जाहीर करावी लागली होती, यावरून नियम किती पक्का आहे ते कळावे. सुके खोबरे तर मोठ्या बॅगेतही नको, कारण त्यातले तेल पेट घेऊ शकते. लोणच्याची बरणी हातात न ठेवता नीट बांधून मोठ्या सामानात टाकावी. मुलाची खेळण्यातली बंदूक घरी राहू द्यावी, ती काढून घेतली जाते आणि मग समजूत घालता घालता नाकी नऊ येतात. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या सामानातच हवी. बाळाचे दूध, खिमट, औषध न्यायला हरकत नसते. परदेशी जाताना इतर पातळ पदार्थांना 100 मिलिलिटरची मर्यादा आहे, बाळाच्या गरजेपुरत्या दुधाला त्यातून सूट मिळते. तपासणाऱ्याने विचारले तर बाटली काढून दाखवावी.

कोल्हापूरसारख्या विमानतळांवरून बऱ्याचदा एटीआर जातीची, पंख्यांची, सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांची विमाने उडतात. ज्या मुलाने विमान फक्त आभाळात किंवा कार्टूनमध्ये पाहिले आहे त्याला ते जमिनीवर केवढे असते आणि केवढा आवाज करते हे माहीत नसते. या विमानात मागच्या दाराने जिना चढून जावे लागते, पंखे बाहेर उघडे दिसतात. आधी मोबाइलवर त्याचे उडण्या-उतरण्याचे व्हिडिओ आवाजासह दाखवावेत. एक फायदाही आहे. पंख वरच्या बाजूला असल्याने खिडकीतून खालचे सगळे दिसते. सांगावे त्या गोष्टी चारच: धावताना खूप आवाज होतो, उडाल्यावर खालून धप्प ऐकू येते ती चाके आत गेल्याची, मध्ये टिंग वाजते ती कामाची घंटी, आणि ढगात गाडी खड्ड्यातून जावी तसे हलते. हातखंब्याच्या मुलाला हे शेवटचे समजावून सांगायला वेळ लागत नाही.

संडासाबद्दल कोणी सांगत नाही. विमानातला संडास हवेच्या ओढीने साफ होतो आणि त्याचा आवाज एकदम अंगावर येतो. कित्येक मुले त्यानंतर आत जायलाच नकार देतात. विमानात चढण्याआधी मुलाला नेऊन आणावे. आत जावेच लागले तर मुलाला बाहेर काढून मग बटण दाबावे.

कानाचा भाग मात्र खरोखर विमानाचा आहे आणि तो नीट समजून घ्यावा. विमान कितीही उंच गेले तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. उतरताना तो वाढत जातो. कानाच्या पडद्यामागची पोकळी आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी आहे, ती गिळताना उघडते आणि दाब सारखा करते. लहान मुलांमध्ये ती अरुंद आणि जास्त आडवी असते. सर्दीत सुजते. मग बाहेरचा दाब पडद्याला आत ढकलतो आणि ठणका लागतो. चढतानापेक्षा उतरताना त्रास जास्त, कारण बाहेरची हवा आत घ्यायला नळीला अधिक जड जाते.

उपाय गिळणे हाच. उतरण्याची सुरुवात बहुधा जमिनीला लागण्याच्या वीस-तीस मिनिटे आधी होते. इंजिनाचा आवाज मऊ होतो, पट्टे बांधायची सूचना येते. तेव्हा मूल झोपलेले असले तरी उठवावे, झोपेत गिळणे कमी होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्याच वेळी पाजावे. बाटलीवरच्याला बाटली द्यावी, पण ती आधीच संपवू नये. मोठ्याला पाणी नळीने घोट घोट द्यावे. चार वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळी किंवा शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका कानदुखीपेक्षा मोठा आहे. सर्दी जोरात असेल, कान दुखत असेल किंवा वाहत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवावा आणि त्यांनी सांगितले तर तिकीट पुढे ढकलावे. पैसे जातात, ते खरे. मूल गुपचूप झोपावे म्हणून सर्दीचे, गुंगी आणणारे औषध पाजण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. बालरोगतज्ज्ञ ती नको म्हणतात. काही मुलांना त्या औषधाने झोप येण्याऐवजी उलट चेव येतो, आणि उतरताना जागे राहण्याची गरज असते ती वेगळीच.

तिकिटाचे नियम थोडक्यात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला आसन मिळत नाही. ते मांडीवर, आईच्या पट्ट्याला जोडलेल्या छोट्या पट्ट्यात बसते. वय पाहण्यासाठी जन्मदाखला जवळ असावा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकिटावरच्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी बसवावे, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये विमान कंपन्यांना दिला आहे. कोणी दूरचे आसन दिले तर शांतपणे याची आठवण करून द्यावी. परदेशी जायचे तर तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो आणि लहान मुलाचा पासपोर्ट फार तर पाच वर्षांचा असतो. लांबच्या प्रवासात बाळासाठी पाळणा मिळतो, पण तो पुढच्या मोजक्याच आसनांसमोर लागतो, म्हणून तिकीट काढतानाच मागावा.

रत्नागिरी जिल्हा परिषदेने 2023 मध्ये आपल्या शाळांतली मुले परीक्षेतून निवडून इस्रो आणि नासा दाखवायला नेली. वाडी-वस्तीवरच्या मुलांना विमान आता नवलाचे राहिलेले नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती मुले मोठी होती, बरोबर शिक्षक होते, काय होणार हे त्यांना समजावता येत होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे सगळे घरातच, खेळातूनच कळायला हवे. आणि त्याला "घाबरणार नाहीस ना?" असे विचारणाऱ्या पाहुण्यांना आधी आवरायला हवे.

तिकीट काढण्यापूर्वी आणखी एक तारीख तपासून पाहा. जाताना बाळ पावणेदोन वर्षांचे असेल आणि परत येईपर्यंत त्याला दोन पूर्ण होणार असतील, तर परतीच्या प्रवासाला त्याचे स्वतंत्र आसन आणि मुलाचे पूर्ण तिकीट घ्यावे लागते.