प्राणिरक्षकाची विद्या

गेल्या वर्षीं वर्गांत "पुढें कोण काय होणार" हा विषय निघाला असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, राणीच्या बागेंत वाघाला सांभाळण्याचें काम करावयाचें तर काय शिकावें लागतें?" वर्ग हंसला. मीही हंसलों आणि म्हणालों, "पिंजरा झाडावयास शिकावें लागतें, त्याला शाळा कशाला?" मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. त्याचा तो चेहरा डोळ्यांपुढून हालेना, म्हणून मीं या विषयाचा थोडा शोध केला. तेव्हां आढळलें कीं, प्रश्न शहाणपणाचा होता व उत्तर मात्र अडाणीपणाचें. तें उत्तर दुरुस्त करावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एका गृहस्थाची हकीकत ऐका. रामब्रह्म सान्याल हे बंगालचे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत शिकत असतां त्यांची दृष्टि अधू होऊं लागली व अभ्यास अर्धवट सोडावा लागला. १८७६ सालीं अलीपूर येथें नवें प्राणिसंग्रहालय निघालें, तेथें डॉ. जॉर्ज किंग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या साह्यानें त्यांना एक साधें काम मिळालें. डॉक्टर होण्याची आशा खुंटलेल्या या तरुणानें नशिबास बोल लावीत दिवस ढकलले असते, तरी कोणी त्यास नांव ठेवलें नसतें. पण सान्यालबाबूंनीं रोजची नोंदवही घातली. कोणत्या जनावरानें काय खाल्लें, हवा कशी होती, कोण आजारी पडलें, कोणतें औषध लागू पडलें, पिलें केव्हां झालीं, हें सर्व ते लिहून ठेवीत. पुढें ते त्या उद्यानाचे पहिले भारतीय अधीक्षक झाले, आणि १८९२ सालीं बंदिवासांतील प्राण्यांच्या व्यवस्थेवर त्यांनीं इंग्रजींत एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्यकाचें शिक्षण झालें होतें म्हणून काय पाहावें हें त्यांना कळलें. रोज पिंजऱ्यापाशीं उभे राहिले म्हणून तें दिसलें. शिक्षण व अनुभव यांचा संबंध तो हाच.

आतां शिक्षणाचा विचार करूं. प्राणिसंग्रहालयांत शिरण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला मार्ग प्रत्यक्ष रखवालीचा. या जागेसाठीं किती शिक्षण हवें हें जागा भरणारी संस्था ठरविते. मुंबईंत राणीची बाग व पुण्यांत कात्रजचें उद्यान तेथील महानगरपालिकांकडे आहे. म्हणून ज्या त्या संस्थेची जाहिरात नीट वाचावी. दुसरा मार्ग पशुवैद्याचा. बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र घेऊन 'नीट' परीक्षा द्यावयाची, आणि मग साडेपांच वर्षांचा पदवीचा अभ्यास. त्यांत एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचें. महाराष्ट्रांत अशीं महाविद्यालयें मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथें आहेत. तिसरा मार्ग जीवशास्त्रज्ञाचा. त्यासाठीं प्राणिशास्त्र किंवा वन्यजीवशास्त्र यांतील पदव्युत्तर शिक्षण लागतें. डेहराडून येथें १९८२ सालीं निघालेली भारतीय वन्यजीव संस्था याकरितां प्रसिद्ध आहे. देशांतील प्राणिसंग्रहालयांवर १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे, आणि रखवालदारांच्या शिक्षणाचे वर्गही तें भरवितें. पिंजरा झाडावयास शाळा कशाला, या माझ्या प्रश्नाचें उत्तर येथेंच मिळालें.

पण प्रमाणपत्र मिळालें म्हणजे वाघ ओळखतां येतो असें नाहीं. सकाळीं कामावर येतांच पहिलें काम मोजणीचें. सर्व जनावरें जागेवर व धडधाकट आहेत काय? काल घातलेलें अन्न किती उरलें? विष्ठा कशी आहे? चालण्यांत फरक आहे काय? रानांतील जनावर आपलें दुखणें लपवितें, कारण तेथें दुबळें दिसणें म्हणजे शिकार होणें. म्हणून डॉक्टरांना कळण्यापूर्वीं रखवालदाराच्या डोळ्यांना तें कळलें पाहिजे.

वाघाच्या जागेस आंत निजण्याची खोली व बाहेर मोकळें आवार असतें. आवार झाडण्यापूर्वीं वाघ खोलींत आहे, मधलें सरकतें दार लागलें आहे, त्यास कुलूप आहे, या तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज आंत पाऊल टाकावयाचें नाहीं. वीस वर्षांची ओळख असली तरी हा नियम सुटत नाहीं. हल्लीं जनावरास खाऊ देऊन पंजा किंवा शेपूट जाळीशीं आणावयास शिकवितात, म्हणजे बेशुद्ध न करतां रक्त तपासावयास घेतां येतें. हें धाकदपटशानें साधत नाहीं. त्यास धीर व प्रेम लागतें.

विद्या व अनुभव यांची जोड काय करूं शकते याचें एक उदाहरण देतों. अलीपूर येथें १८८९ सालीं, सान्यालबाबूंच्या कारकीर्दींत, सुमात्रा बेटांतील जातीच्या गेंड्याचें पिलूं जन्मलें. बंदिवासांतच गर्भ राहून जन्मलेलें त्या जातीचें पुढचें पिलूं थेट २००१ सालीं अमेरिकेंत सिनसिनाटी येथें झालें. मध्यें ११२ वर्षें गेलीं! अमेरिकेंत नेलेल्या ७ गेंड्यांपैकीं ३च उरले होते. त्यांस वाळलें गवत घालीत असत. मरणास टेकलेल्या एका नरास तेथील रखवालदाराच्या सूचनेवरून वड-उंबराच्या कुळांतील झाडांचा ताजा पाला आणून घातला, आणि तें जनावर पुन्हां खाऊं लागलें. पुढें त्या पिलाचा बाप तोच झाला. मादी पूर्वीं अनेकदां गाभडली होती. शास्त्रज्ञांनीं गर्भ टिकविणारें औषध दिलें तेव्हां ती सुखरूप व्याली. रखवालदाराची नजर नसती तर बाप वांचला नसता, आणि शास्त्रज्ञांची विद्या नसती तर पिलूं वांचलें नसतें.

पालकांना एक विनंति आहे. मुलानें असा धंदा करूं म्हटलें तर तें काम हलकें आहे असें म्हणून त्यास गप्प करूं नये. मीं केलेली चूक आपण करूं नये. तारू बांधावयास सांगतांना देवानें नोहास जनावरें आंत घ्यावयास सांगितलें तसेंच त्यांच्यासाठीं अन्नाचा साठा करावयासही सांगितलें, हें आपण विसरतों. ज्याच्या हातीं जीव सोंपविला आहे त्यानें त्याच्या घासाची काळजी वाहावी, यांत कमीपणा कसला?

आणि विद्यार्थिमित्रहो, याचा आरंभ आजच करतां येईल. पोपट पिंजऱ्यांत घालूं नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील पोपट पाळण्यास बंदी आहे. दारची शेळी, अंगणांतली खार, समोरच्या झाडावरचा कावळा, यांपैकीं एक निवडा आणि महिनाभर रोज ठराविक वेळीं पाहून चार ओळी लिहा. सुटींत गुरांच्या दवाखान्यांत डॉक्टरांची परवानगी घेऊन हाताखालीं काम करा. शेणाचा वास नकोसा झाला तर हा धंदा आपला नव्हे, हें लवकर कळेल, तोही लाभच.

छापावयास देण्यापूर्वीं हा लेख मीं त्या विद्यार्थ्यास वाचून दाखविला व वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्यानें एवढेंच विचारलें, "सर, नोंदवहींत पहिल्या दिवशीं काय लिहूं?"

"जें दिसेल तें," मीं म्हणालों, "आणि न दिसलेलें कांहीं लिहूं नकोस."