वर्गात आवडते कोण?
(शालेय वयातील लोकप्रियतेचा विचार)

जून महिन्यात शाळा सुरू होते. परळ, लालबाग, नायगाव, दादर या आमच्या भागात त्या आठवड्यात घराघरांतून एकच धावपळ असते. वह्यांना कव्हरे घालायची असतात, गणवेश आणायचा असतो, फीची जुळवाजुळव करायची असते. पालक विचारतात, ‘यंदा वर्गशिक्षक कोण?’ मुलाच्या मनात मात्र दुसराच प्रश्न असतो. ‘बाकावर माझ्या शेजारी कोण बसणार?’ हा प्रश्न मुले घरी बोलून दाखवीत नाहीत आणि आम्ही मोठी माणसे तो क्षुल्लक समजतो.

तो क्षुल्लक नाही, हे आम्हाला अभ्यासवर्गातील एका मुलीने शिकविले. इयत्ता सातवीतील ही मुलगी मुळात हुशार. पहिल्या घटक चाचणीनंतर तिचे गुण घसरू लागले. गणित कच्चे असेल असे समजून आम्ही गणिताचा तास वाढविला. उपयोग झाला नाही. पुष्कळ दिवसांनी खरी गोष्ट कळली. वर्गात शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जातनिहाय नावे मोठ्याने वाचली गेली होती. त्या दिवसापासून डब्याचा तिचा जुना घोळका हळूहळू दूर सरकला. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीपाशी एकटीच उभी राही. दोष गणिताचा नव्हताच.

त्या मुलीमुळे आम्ही या विषयाकडे वळलो. पाचवी ते दहावी या वयात काही मुले सर्वांना हवीशी का वाटतात आणि काही एकटी का पडतात, याविषयी जे वाचले व पाहिले ते विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे आणि पालकांपुढे ठेवीत आहोत.

१. लोकप्रियता दोन प्रकारची

वर्गातील आवडीनिवडी मोजण्याची पद्धत जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने रूढ केली. त्याचा ग्रंथ 1934 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलाला विचारायचे, ‘तुला कोणाजवळ बसायला आवडेल?’ आणि उत्तरांचा नकाशा काढायचा. काही नावांकडे अनेक रेषा जातात, काहींकडे एकही जात नाही.

1982 साली कोई, डॉज आणि कॉपोटेली या अमेरिकन संशोधकांनी दोन प्रश्न एकत्र विचारले. सर्वांत जास्त कोण आवडते? सर्वांत कमी कोण आवडते? त्यातून मुलांचे गट पडले. काही आवडती, काही नावडती, काही दुर्लक्षित, म्हणजे ज्यांचे नाव कोणी घेतच नाही. काही वादग्रस्त, म्हणजे काहींना फार आवडणारी व काहींना मुळीच न आवडणारी. उरलेली सर्वसाधारण. दुर्लक्षित आणि नावडते हे दोन गट वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे. गप्प बसणाऱ्या मुलावर कोणाचा राग असतोच असे नाही. बहुधा त्याला कोणी हाक मारलेली नसते.

पुढील अभ्यासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘वर्गात कोणाची वट आहे?’ आणि ‘तुला स्वतःला कोण आवडते?’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. लहान इयत्तांत दोन्ही उत्तरे पुष्कळशी जुळतात. बारा-तेराव्या वर्षापासून ती वेगळी होऊ लागतात. ज्याची वट असते तो आवडता असतोच असे नाही. कित्येकदा त्याची धास्ती असते. वट आणि आवड हा भेद कळला की निम्मा विषय कळला.

२. वट कशाने येते?

जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतील दहा माध्यमिक शाळांचा अभ्यास करून 1961 साली ग्रंथ लिहिला. मुलांच्या नजरेत वरचे स्थान अभ्यासातील हुशारीपेक्षा खेळातील प्रावीण्याने मिळते, असे त्यास आढळले. मुलींमध्ये दिसणे आणि कपडे यांना मान होता.

आमच्याकडे फार वेगळे नाही. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात दादरच्या शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली. त्यानंतर शिवाजी पार्कात बॅट घेऊन जाणाऱ्या प्रत्येक मुलाची मान जरा ताठ झाली असेल. आज त्यात महागडा मोबाईल, बूट आणि मोबाईलवरील वर्गाच्या ग्रुपची भर पडली आहे. कोणाला ग्रुपमध्ये घेतले व कोणाला वगळले, यावरून घरी रडारड होते.

परंतु वट हा कच्चा आधार आहे. बाळू पालवणकर यांचे उदाहरण पाहा. चर्मकार समाजातील हे गोलंदाज हिंदू संघाचा कणा होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. मैदानावर टाळ्या मिळत. तरीही पुण्यात खेळत असताना चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. एवढ्या कर्तृत्वानंतरही संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. पुढे 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. टाळ्या वाजविणारे हात पंगतीला जवळ घेतातच असे नाही, हा यातील धडा आहे.

३. फळ्यामागचे डबे

याहून जवळचे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. सुभेदार रामजी आंबेडकर मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. एके दिवशी शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडविण्यास फळ्याकडे बोलाविले. वर्गात एकदम गलका झाला. सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावांचा हात फळ्यास लागण्यापूर्वी मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला काढले.

आता विचार करा. त्या वर्गात मोरेनोची पद्धत वापरली असती तर या विद्यार्थ्याच्या नावाकडे किती रेषा गेल्या असत्या? आणि त्यावरून त्याच्या स्वभावाविषयी काय अनुमान निघाले असते? काहीही नाही. तो एकटा पडला तो स्वभावामुळे नव्हे. वर्गाने त्याच्याभोवती भिंत घातली होती.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हाच. मूल एकटे पडले की आपण त्यालाच विचारतो, ‘तुझेच कोणाशी का पटत नाही?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी फळ्यामागे डबे आहेत काय, हे पाहावे. आडनाव, वस्ती, भाषेचा ढंग, वडिलांचे काम, कपडे, यांवरून आजही डबे सरकतात. त्याचा दोष मुलाच्या माथी मारणे हा दुसरा अन्याय होय.

त्याच भीमरावांची शाळेनंतरची जागा होती गिरगावातील चर्नी रोडची बाग. तेथे पुस्तक वाचीत बसलेल्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष गेले. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. सारा वर्ग लांब असताना एक माणूस जवळ आला, आणि तेवढ्याने केवढा फरक पडला!

४. आवडते मूल काय करते?

भिंत पाडणे हे मोठ्यांचे काम. परंतु मुलांनाही काही शिकता येण्यासारखे आहे. पुटालाझ आणि गॉटमन यांनी 1981 साली, चालू खेळात नवे मूल कसे शिरते याचे निरीक्षण केले. आवडती मुले जे चालले आहे ते समजून घेऊन त्याला धरून बोलतात. नावडती मुले स्वतःविषयी सांगू लागतात, प्रश्न विचारून खेळ थांबवितात किंवा नियमावरून वाद घालतात.

चाळीच्या पटांगणातील क्रिकेट आठवा. एक मुलगा येऊन म्हणतो, ‘मला पहिली बॅटिंग द्या, माझा बॉल आहे.’ दुसरा थोडा वेळ कडेला उभा राहतो, गटारात गेलेला चेंडू काढून देतो आणि म्हणतो, ‘मी फिल्डिंगला उभा राहू?’ दुसऱ्या दिवशी भिडू म्हणून कोणाला आधी घेतील, हे सांगावयास नको. लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेणारी, आपल्यावर राज्य आले तर कुरकुर न करणारी मुले सर्वांना हवीशी असतात.

पाली साहित्यात माणसे जोडणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : दान, प्रिय वचन, दुसऱ्याच्या हिताचे वर्तन आणि समानतेची वागणूक. डब्यातील घास वाटणे, टोपणनावाने न हिणवता नावाने हाक मारणे, आजारी मित्राला वही देणे, सर्वांशी सारखे वागणे, असे त्यांचे शाळेतील रूप सांगता येईल. यास पैसा लागत नाही.

५. पुढे काय होते?

व्हर्जिनिया विद्यापीठातील जोसेफ ॲलन व सहकाऱ्यांनी 184 मुलामुलींचा तेराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहान वयात मोठेपणाचा आव आणून भाव खाणाऱ्या मुलांची वट काही वर्षांतच उतरली. पुढे त्यांच्यात जवळची मैत्री टिकविण्याच्या अडचणी, व्यसने आणि गुन्हे अधिक दिसले. त्याच विद्यापीठातील 2017 सालच्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की, पंधरा-सोळाव्या वर्षी ज्यांना एक जिवाभावाचा मित्र होता, त्यांच्यात पंचविसाव्या वर्षी स्वतःविषयीचा आदर अधिक आणि चिंता कमी होती. वर्गातील लोकप्रियतेचा तसा लाभ दिसला नाही.

तेव्हा पालकांनी ‘तुला किती मित्र आहेत?’ असे विचारू नये. ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास?’ असे विचारावे. शिक्षकांनी शिष्यवृत्तीचे अर्ज नावे न पुकारता द्यावेत आणि बाकांवरील जागा अधूनमधून बदलाव्यात. कार्यकर्त्यांनी अभ्यासवर्गात कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाकडे आधी जावे.

त्या सातवीतील मुलीचे काय झाले? आम्ही फार काही केले नाही. अभ्यासवर्गातील एका मुलीला तिच्या शेजारी बसविले आणि दोघींना मिळून भित्तिपत्रक लिहावयास दिले. डब्याचा घोळका परत आला नाही. पण दोघी रोज बरोबर घरी जाऊ लागल्या, आणि सहामाहीत गणितही आपोआप सुधारले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, वर्गात तुमची वट असो वा नसो, उद्या मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीकडे एकवार नजर टाका. कोणी एकटे उभे असेल तर हाक मारा.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. ‘वट असणे’ आणि ‘आवडते असणे’ यांतील फरक आपल्या वर्गातील उदाहरणाने, नाव न घेता, सांगा.
२. दुर्लक्षित आणि नावडते मूल यांना एकाच प्रकारची मदत पुरेल काय? कारणे द्या.
३. आपल्या शाळेत आज ‘फळ्यामागचे डबे’ कोणते? ते दूर करण्यासाठी विद्यार्थी काय करू शकतील?
४. या आठवड्यात आपण कोणाला नव्याने हाक मारली, ते वहीत लिहा.