गावातली एसटी टिकवायची असेल तर

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. आजही कितीतरी वाड्या-वस्त्यांचा तालुक्याशी संबंध सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा दोन फेऱ्यांवर टिकून आहे. दवाखाना, बाजार, तहसील, कॉलेज सगळे त्या दोन फेऱ्यांत बसवायचे. फेरी बंद झाली की मुलांना मोटारसायकल मिळते आणि मुलींचे कॉलेज सुटते. म्हणून हे थोडे नियम प्रवाशांसाठी आणि गावासाठीही.

काय करावे

• तिकीट घ्यावेच, शून्य रुपयांचे असले तरी. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. या सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देते, ती तिकिटांच्या हिशोबावर. आजी तिकीट न घेता बसली, तर आगाराच्या कागदावर ती गाडीत नव्हतीच. अशीच माणसे कागदावरून गळत गेली की भरलेली फेरीही तोट्यातली दिसू लागते.

• वयाचा पुरावा वरच्या खिशात ठेवावा. गाठोड्याच्या तळातून आधार कार्ड काढेपर्यंत दोन थांबे जातात आणि वाहकाची बाकीची तिकिटे राहतात.

• मुलांचे पास शाळा सुरू होताच काढावेत. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांनाही मासिक पासात मोठी सवलत आहे. गावात ज्या घरी हे ठाऊक नाही, तिथे जाऊन सांगावे.

• मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकाची सोय गावाने करावी. रात्री उशिरा गाडी येते, पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. मधल्या चार-पाच तासांत ही दोन माणसे कुठे झोपतात, हे गावातल्या किती जणांना माहीत असते? बरेचदा गाडीतल्याच बाकड्यावर किंवा देवळाच्या ओवरीत, डासांत. पहाटे तोंड धुवायला पाणी नाही, शौचालयाला कुलूप. आणि त्याच चालकाच्या हाती आपण घाटातल्या वळणांवर पन्नास जीव सोपवतो. एक स्वच्छ खोली, पंखा, पाण्याचा माठ, उघडे शौचालय. ग्रामपंचायतीला हे जड नाही.

• फेरी चुकली की तारीख, वेळ आणि थांब्यावर ताटकळलेल्यांची संख्या वहीत लिहावी. महिन्याभराची नोंद आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जावे, पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही तर विभाग नियंत्रकांकडे. ‘गाडी कधीच वेळेवर येत नाही’ या तोंडी तक्रारीला उत्तर देणे सोपे असते, तारखांना देणे अवघड.

काय टाळावे

• वडाप आधी आले म्हणून रोज त्यातच बसणे. घाईच्या दिवशी कोणीही बसेल, त्यात दोष नाही. पण जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि प्रवासी कमी असतील त्या दिवशी ती येतही नाही. ठरलेल्या वेळी निघायचे बंधन एसटीवर आहे. तिचे प्रवासी आपणच कमी केले, तर फेरी मागायला कोणत्या तोंडाने जाणार?

• खिडकीतून रुमाल-पिशव्या टाकून जागा धरणे, मुलाला आपत्कालीन खिडकीतून आत ढकलणे. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे.

• पाचशेची नोट पुढे करून वाहकाशी वाद घालणे. सुट्टे ठेवावेत, वाहकाच्या यंत्रावर यूपीआय चालत असेल तर तसे द्यावेत.

• दारात लोंबकळणे.

• आंदोलनाचा राग गाडीवर काढणे. मागणी कितीही रास्त असो. काच फुटलेली गाडी दुरुस्तीला जाते आणि आगाराकडे जादा गाड्या नसतात. मग रद्द होते ती बहुधा आडवळणाच्या गावाची फेरी, ज्या गावाचा त्या आंदोलनाशी काही संबंध नसतो.

पुढची ग्रामसभा जेव्हा असेल, तेव्हा विषयपत्रिकेवर मुक्कामी गाडीच्या खोलीचा विषय घ्यायला लावा, आणि त्या सभेला घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींनाही बरोबर न्या.