पातळ रिंग चकात धरताना

पोरी, जाड पोलादी बुश आवळतेस त्याच जोराने ही अ‍ॅल्युमिनियमची रिंग आवळू नकोस. भिंतीची जाडी निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला ती आठपट लवते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम मुळातच पोलादाच्या तिप्पट लवणारं. तीन जबड्यांखाली रिंग आत दबते, मधल्या तीन जागी बाहेर फुगते. अशा दबलेल्या रिंगेत तू बोअर काढतेस, तो चकात अगदी गोल असतो. जबडे सोडले की रिंग आपल्या जागी परतते आणि बोअर तीन कोनांचा होतो.

पुढचं नीट ऐक, कारण बहुतेक जण इथेच फसतात. जबड्याच्या बरोबर समोर दुसरा जबडा नसतो, दोन जबड्यांमधली मोकळी जागा असते. एका बाजूला बोअर जेवढा वाढला, साधारण तेवढाच समोर घटलेला. म्हणून दोन टोकांनी मोजणारा बोअर गेज कसाही फिरव, व्यास बरोबरच दाखवणार. जबड्यांच्या जागी मार्करने खुणा कर. रिंग सोडव आणि तीन टोकांचा मायक्रोमीटर आधी खुणांवर, मग साठ अंश फिरवून लाव. दोन आकड्यांत फरक आला, तर दोष पकडीचा आहे. टूल बदलत बसू नकोस.

सॉफ्ट जॉ वापर, रिंगेला जवळजवळ पूर्ण वेढतील इतके रुंद. ते कापताना चकात काहीतरी पकडलेलं हवं, म्हणजे त्यांची ढील निघून जाते. त्यांचा व्यास रिंगेच्या बाहेरच्या व्यासाएवढाच ठेव, नाहीतर पुन्हा कडाच टोचतील. रफिंग झालं की जबडे सोड, रिंगेला मोकळी होऊ दे, मग हलकं आवळून फिनिश कट घे. पण हलकं आवळलंस तर फेरे आणि कटही कमी कर. वेगात जबडे बाहेर ओढले जातात, पकड आणखी सुटते आणि जॉब उडतो. तिथे धाडस नको.

जमेल तिथे मला फेसप्लेटच जास्त आवडते. रिंग आडवी दाबण्याऐवजी तोंडावरून दाबायची. त्या दिशेने ती बळकट असते. फक्त क्लॅम्पच्या बरोबर खाली आधार हवा आणि मागच्या तोंडावर बर नको.

मोजण्याआधी जॉब थंड होऊ दे. शंभर मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची रिंग दहा अंशांनी गरम असली, तरी व्यास २३ मायक्रॉनने जास्त दिसतो.