क्षयरोगाच्या उपचाराविषयीं गैरसमज

डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचें नांव आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. सन १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळवून त्या स्वदेशीं परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास क्षयानें वारल्या. ह्या रोगाचा जंतु जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख ह्यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं जगापुढें मांडिला होता. परंतु त्यास मारील असें औषध तेव्हां कोणापाशींच नव्हतें. स्वतः डॉक्टर असलेल्या बाईस जें मिळालें नाहीं, तें आज नाशकांतील मोलमजुरासही सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. असें असूनही माणसें मरतात, त्यास पुष्कळदां आपले गैरसमजच कारण होतात. त्यांपैकीं पांचांचा विचार ह्या पाठांत करूं.

पहिला गैरसमज : “हा रोग कुळांत आहे, किंवा कोणाची करणी आहे.” हें खरें नाहीं. रोगी खोकतो तेव्हां जंतु हवेंत उडतात, व जवळचीं माणसें ते श्वासाबरोबर घेतात. एका घरांत दोघांतिघांस क्षय होतो तो एका बंद खोलींत निजल्यामुळें, रक्ताच्या नात्यामुळें नव्हे. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणें, बेडक्यांतून रक्त पडणें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास देवऋष्याकडे न जातां बेडका तपासून घ्यावा. प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थना करणारानें गोळी घेऊं नये असें कोठेंही सांगितलेलें नाहीं.

दुसरा गैरसमज : “खोकला थांबला, आतां औषध कशाला?” सर्वांत घातक समज हाच होय. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधें, व पुढील चार महिने तीन. पहिल्या कांहीं आठवड्यांत बहुतेक जंतु मरतात, म्हणून रोग्यास बरें वाटूं लागतें. पण थोडे चिवट जंतु मंदावून दडून बसतात. शेतांतील हरळी वरवर कापली असतां मुळापासून पुन्हां फुटते, तसेंच हें आहे. मध्येंच औषध सोडिल्यास रोग उलटतो, आणि औषधास न जुमानणारे जंतु उरल्यास पुढील उपचार अधिक कठीण होतो.

तिसरा गैरसमज : “गोळ्या उष्ण पडतात, लघवींतून रक्त जातें.” रिफाम्पिसिन नांवाच्या औषधानें लघवी तांबूस होते. तो औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. मात्र डोळे पिवळे दिसूं लागले, वारंवार वांत्या झाल्या, किंवा नजर मंद झाली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. आपल्या मनानें औषध बंद करूं नये, व कमीही करूं नये.

चौथा गैरसमज : “सुई टोचल्यावांचून गुण येत नाहीं.” ह्या समजुतीस जुनें कारण आहे. क्षयावरील पहिलें गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सन १९४४ मध्यें प्रसिद्ध झालें व तें सुईनेंच द्यावें लागे. आतां साध्या क्षयाचीं औषधें पोटांत घेण्याचीं आहेत, व तीं पूर्ण घेतल्यास बहुतेक रोगी बरे होतात. केवळ सुईसाठीं कर्ज काढूं नये.

पांचवा गैरसमज : “रोग्यास घरांतून दूर ठेवावें, त्याचें ताट वेगळें करावें.” हा रोग ताटवाटीनें पसरत नाहीं. मद्रास येथें झालेल्या अभ्यासानें सन १९५९ मध्यें दाखवून दिलें कीं, औषध नियमानें घेतल्यास घरीं राहणारा रोगी आरोग्यधामांतील रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळें घरच्यांचा धोकाही वाढत नाहीं. औषध लागू पडत असल्यास कांहीं आठवड्यांतच संसर्ग पुष्कळ उतरतो. तोंवर रोग्यानें तोंडावर फडकें धरावें, खिडक्या उघड्या ठेवाव्या, व घरांतील लहानथोर सर्वांची तपासणी करून घ्यावी. सुनेस आजारांत माहेरीं धाडणें हा उपचार नव्हे.

आतां उपदेशक बंधूंस एक विनंति. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें कामासाठीं नाशकांत, इंदिरानगरासारख्या वस्त्यांत, राहतात व पेरणीकापणीस गांवीं येतात. पुष्कळदां औषध सुटतें तें ह्याच प्रवासांत. अशा रोग्यास सांगावें कीं, निघण्यापूर्वीं दवाखान्यांत कळविल्यास त्याची नोंद गांवाजवळच्या आरोग्य केंद्राकडे बदलून मिळते, व तेथेंच गोळ्या मिळतात. तसेंच पोषणासाठीं नोव्हेंबर २०२४ पासून सरकार दरमहा १,००० रुपये रोग्याच्या बँकेच्या खात्यांत देण्याची योजना चालवितें; तें खातें उघडण्यास त्याला साहाय्य करावें. अन्नाचें महत्त्व थोडें नाहीं. झारखंडांतील अभ्यासांत, सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाल्याप्रमाणें, रोग्याच्या घरच्यांस पुरेसें धान्य दिल्यानें त्यांच्यांत नवा क्षय होण्याचें प्रमाण सुमारें ३९ टक्क्यांनीं घटलें. मात्र दूध व अंडीं औषधाच्या जोडीस हवींत, औषधाच्या जागीं नव्हे.

विचारासाठीं प्रश्न : १. आपल्या गांवांत दोन आठवड्यांहून अधिक खोकणारें कोण आहे, व त्यास दवाखान्यांत कोण नेईल? २. कोणाचें औषध मध्येंच सुटलें आहे काय? ३. आपल्यापैकीं कोणी रोग्याचें ताट वेगळें केलें असल्यास, तें पुन्हां पंक्तींत केव्हां घेणार?