लेथ घेण्याआधी

पुणे

चि. समीर यास,


तू पाठवलेले दोन्ही मशीनचे फोटो पाहिले. वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायचं तर लेथ लागणारच. पण त्या मायफोर्डच्या रंगावर भुलू नकोस, तो परवाच मारलेला दिसतोय.

एमएल ७ हे मॉडेल १९४६ सालचं, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचं. गुणी मशीन, पण वय बघ. जुन्या लेथचा बेड चकजवळ झिजतो, कारण बहुतेक काम तिथंच होतं. टेलस्टॉककडची बाजू जवळजवळ कोरी राहते. म्हणून सॅडल चकपाशी आण, जेमतेम सरकेल इतपत जिबचे स्क्रू आवळ आणि टेलस्टॉककडे सरकवत ने. मध्येच अडकलं, तर बेड झिजलाय समज. विकणारा म्हणेल, ऑइल कमी आहे. म्हणू दे. शिवाय लीडस्क्रू इंची आहे, इंचाला ८ आटे. आपले बोल्ट मेट्रिक. मेट्रिक आटे पाडायचे वेगळे गिअर सोबत देणार का, विचार.

दुसरं ते ७ इंची चायनीज. लोक नाकं मुरडतात, पण नवशिक्याला मला तेच बरं वाटतं. आतले गिअर बहुधा प्लॅस्टिकचे असतात, टूल जॉबमध्ये रुतलं की दात उडतात. एक जोड जास्तीचा घेऊन ठेव. सगळे पैसे मात्र मशीनवर घालू नकोस. चार जबड्यांचा चक, टूल, मायक्रोमीटर यांतच खिसा रिकामा होतो.

माझी फजिती सांगतो. पहिला लेथ मी लाकडी टेबलावर बोल्ट कचकचून आवळून बसवला. टेलस्टॉकचा आधार न घेता १०० मिलिमीटरचा जॉब मारला की दोन टोकांत ०.०८ मिलिमीटरचा फरक. सहा महिने मशीनला शिव्या घातल्या. शेवटी शेजारच्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या टर्नरने टेलस्टॉककडच्या एका पायाखाली कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून सरकवला आणि फरक ०.०१ वर आला. वाकड्या टेबलानं बेडला पीळ दिला होता.

आणि चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, स्विच बंद असला तरी. हातमोजे तर नकोतच.

रविवारी मशीन बघायला एकटा जाऊ नकोस. डायल गेज माझ्याकडे आहे, मी येतो.

तुझा,
काका