दोन कोठारे, दोन नायक : दामाजीपंतांची कथा आणि ‘फकिरा’

रूप पालटून अवतरणारा, दुर्बलांचे रक्षण करणारा आणि कार्य संपताच अंतर्धान पावणारा नायक परदेशी चित्रपटमालिकांनी आज सर्वपरिचित केला असला, तरी मराठी मनाला तो नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा हे त्याचे ठळक उदाहरण होय. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) ती विस्ताराने आली आहे. तिच्याशेजारी अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी ठेवली असता, वीरत्व आणि न्याय यांविषयीची आपली कल्पना कशी पालटत गेली, हे ध्यानात येते.

दोन्ही कथांचे बीज एकच आहे : दुष्काळ, भरलेले कोठार आणि उपाशी माणसे. दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे अधिकारी. ते सरकारी धान्य रयतेस वाटतात आणि अपराधी ठरतात. तेव्हा विठ्ठल ‘विठू महार’ होऊन दरबारात मोहरा भरतो व रीतसर पावती घेतो. येथे न्याय होतो तो हिशेब चुकता करून. धान्यावरील सत्तेचा हक्क कथा नाकारत नाही. बादशहा पराभूत होत नाही, त्याचे हृदयपरिवर्तन होते. म्हणूनच या कथेला खरा खलनायक नाही. मात्र देवाने ज्याचे रूप घेतले, तो गावकुसाबाहेरचा माणूस चमत्कारानंतरही गावकुसाबाहेरच राहतो.

‘फकिरा’मध्ये गावकुसाबाहेरचा माणूसच नायक होतो. मातंग समाजातील फकिरा माळवाडीचे धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो. पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो. त्याच्या साहाय्याला देव येत नाही, पावतीही मिळत नाही. आप्तस्वकीयांना सरकारने डांबले असता तो स्वतः शरण जातो. हिशेब येथेही चुकता होतो, पण मोहरांनी नव्हे, देहाने.

खलत्वाचा प्रश्नही येथेच बिकट होतो. कादंबरीतील दुष्टता एका व्यक्तीत सामावत नाही. हजेरीची सक्ती करून माणसाला जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या व्यवस्थेत ती आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच दृष्टी रूढ केली. त्या कायद्याखालील तारेच्या कुंपणाची वसाहत सोलापुरातही होती. कायदा रद्द झाला तो १९५२ साली. अशा व्यवस्थेत ‘दरोडेखोर’ आणि ‘वीर’ हे शब्द कोण उच्चारतो, यावर त्यांचा अर्थ अवलंबून राहतो.

संतकथेने भुकेल्याला अन्न देणे हा धर्म मानला. ‘फकिरा’ने तो भुकेल्याचा हक्क मानला. पहिल्या कथेत कोठार उघडणाऱ्याला क्षमा मिळते. दुसरी कथा विचारते : दुष्काळात कोठार बंद ठेवणाऱ्याला जाब कोणी विचारावयाचा? मराठी कथात्म साहित्यातील नायकाचा विचार या प्रश्नाला वगळून करता येणार नाही.